कन्फेशन केलं की पाटी कोरी?

"आठवडाभर हवी ती पापं करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, झालं!" हा समज आपल्याकडे सिनेमांनी चांगलाच पोसला. कॅथलिक शिकवण वेगळी आहे. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा तसं न करण्याचा निर्धार नसेल, तर फादरने उच्चारलेली क्षमा लागूच पडत नाही. चोरीचा माल परत करावा लागतो, कुणाची बदनामी केली असेल तर तीही शक्य तितकी भरून काढावी लागते. नुसत्या प्रार्थना पुटपुटून सुटका नाही. आणि दर रविवारची सक्तीही नाही. रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेने, म्हणजे 1215च्या लॅटरन परिषदेने, वर्षातून किमान एकदा कबुलीचा नियम घातला. फी? छदामही नाही. क्षमा देवाच्या कृपेने मिळते, विकत नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट तर थेट देवापुढेच कबुली देतात.