मत्स्यसांख्यिकीची सामायिक मानके

निरनिराळ्या देशांनी व सागरी विभागांनी गोळा केलेली मासेमारीची आकडेवारी एकमेकींशी ताडून पाहता यावी, म्हणून ठरविलेल्या व्याख्या, वर्गीकरणे व संकेत. मासा हद्द ओळखत नाही. त्यामुळे एकाच साठ्यावर जगणाऱ्या किनाऱ्यांची मोजमापे जुळणे अत्यावश्यक ठरते.

या प्रयत्नांचा उगम १९०२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सागर-संशोधन परिषदेपर्यंत मागे नेता येतो. तथापि ते काम मुख्यतः उत्तर अटलांटिकपुरते होते. १९५९ ची एडिनबरा येथील तज्ज्ञांची बैठक व तिच्यातून साधारण १९६० च्या सुमारास उभा राहिलेला, ‘सीडब्ल्यूपी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कार्यगट हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हा गटही प्रथम अटलांटिकपुरताच होता. १९९५ मध्ये त्याचे क्षेत्र जगभर विस्तारले. त्याचे सचिवालय संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे आहे.

सर्वांत किचकट प्रश्न ‘पकड’ म्हणजे काय हा. जाळ्यात आलेली, होडीवर ठेवलेली व बंदरात उतरविलेली मासळी ही तीन वेगळी परिमाणे होत. समुद्रात परत फेकलेला मासा वगळून, उतरलेल्या मालाचे ताज्या माशाच्या वजनात रूपांतर केले की ‘नॉमिनल कॅच’ मिळते. बोंबलात सु. ९० टक्के पाणी असते. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळविण्याच्या बांबूंच्या मांडणीवर, सुकून उतरेपर्यंत त्याचे वजन कित्येक पटींनी घटते. ओले व सुके वजन एकाच रकान्यात पडले, तर बेरीज निरर्थक होते.

जातींसाठी तीन अक्षरी संकेत वापरतात : बांगडा ‘आरएजी’, बोंबील ‘बीयूसी’. बाजारात ‘सुरमई’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत मात्र ‘सीओएम’ व ‘जीयूटी’ अशा दोन जाती येतात. नोंद घेणाऱ्याला ठिपके व पट्टे पाहूनच त्या वेगळ्या कराव्या लागतात. समुद्रांचेही क्रमांकित सांख्यिकीय विभाग पाडलेले आहेत. त्यांत भारताचा पश्चिम किनारा विभाग ५१ मध्ये, तर बंगालचा उपसागर ५७ मध्ये मोडतो.

जाळ्यांचे वर्गीकरण १९८० चे असून २०१६ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीस मान्यता मिळाली. त्यात प्रवाहात खुंटांना बांधलेली डोल ही पिशवीसारखी जाळी ‘सापळे’ या गटात पडते. खडकांवर व खाड्यांत हाताने वेचलेले कालव, तिसऱ्या यांसाठी हाती अवजारांचा वर्ग आहे. पण ही वेचणी बंदरातून जात नसल्याने तिची मोजदाद अवघड असते.