बरं वाटलं की गोळी का सुटते?

पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे, तसं आमच्या कोकणात ‘रत्नागिरीला पाठवा ह्याला’. तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्या काळी उपाय एकच, माणसाला भिंतीआड ठेवायचं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं, भास-भ्रम आटोक्यात येऊ लागले, पण गावच्या तोंडातलं वाक्य तेच राहिलं. आजही एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कानात आवाज यायला लागले की घरच्यांना पहिल्यांदा तेच आठवतं आणि धडकी भरते. मग देवळात गाऱ्हाणं, कौल, भगत. डॉक्टर सगळ्यांत शेवटी.

हा उशीरच घातक. सायकोसिसवर, म्हणजे या भास-भ्रमांच्या आजारावर, उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं कठीण जातं. याच विचारातून मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांनी १९९२ मध्ये मेलबर्नला तरुणांसाठी वेगळं केंद्र काढलं. औषध, समुपदेशन, शिक्षण-नोकरीला आधार, घरच्यांशी बोलणं, सगळं एकाच ठिकाणी. पुढे डेन्मार्क, इंग्लंड आणि आपल्याकडे स्किझोफ्रेनियावर काम करणारी चेन्नईची ‘स्कार्फ’ संस्था याच वाटेने गेली. तरी ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसतं की जवळपास ३० टक्के मुलं हे उपचार मध्येच सोडतात.

मला यात मुलांचा हट्ट दिसत नाही. गोळ्यांनी वजन वाढतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, अंग ताठरतं. आंब्याच्या हंगामात झेला धरलेला हात थरथरला की बागेतले गडी बघत राहतात. तीन महिन्यांत आवाज थांबतात आणि मुलगा आईला विचारतो, “माका आता बरा वाटता, मगे गोळी कित्याक?” तिच्याकडे उत्तर नसतं, कारण तेही तिला कुणी समजावलेलं नसतं. पहिल्या झटक्यातून सावरल्यावर औषध बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, हे त्या आईला पहिल्याच भेटीत कळायला हवं होतं. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यामागे जातात. घरात लग्नाचं बघायला लागले की तिथून बाहेरच येत नाहीत.

चेन्नई आणि कॅनडातलं मॉन्ट्रियल इथल्या अशाच केंद्रांची तुलना झाली, तेव्हा चेन्नईत घरच्यांचा केंद्राशी संपर्क कितीतरी जास्त टिकला. आपल्याकडे घर हीच मोठी ताकद आहे. पण कोकणातलं घर अर्धं मुंबईत असतं. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तो उपचार गावाजवळ यावेत म्हणून, आणि मुलगा तर जरा बरा झाला की नोकरीसाठी रात्रीची गाडी पकडतो. नालासोपाऱ्याच्या खोलीत चार चुलतभाऊ. त्यांच्यादेखत गोळी कशी घ्यायची? फाइल गावच्या कपाटात, आणि पुढच्या तारखेला दवाखान्यात जायला घरी फक्त आई.