जेट पंख की जेटपॅक? इंजिन बंद पडलं की कळतं

३० ऑगस्ट २०२०. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरत असलेल्या एका वैमानिकानं टॉवरला कळवलं, की जेटपॅक लावलेला एक माणूस आत्ताच आमच्या शेजारून गेला. उंची साधारण ३,००० फूट. बातमी जगभर फिरली, चौकशी झाली, आणि पुढे तपास यंत्रणेनं अंदाज बोलून दाखवला की ते बहुधा फुगे असावेत. मला मात्र पहिल्यापासून ती उंची खटकत होती. जेटपॅकवाला माणूस सहसा एवढ्या वर जात नाही. जो जातो, त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा जेटपॅक नसतो, पंख असतो.

हा घोळ नेहमीचा आहे. दोन्हींत माणूस एकटा, अंगावर छोटी जेट इंजिनं, डोक्यावर हेल्मेट, आणि कान फाडणारा आवाज. स्वित्झर्लंडचा माजी लढाऊ वैमानिक ईव्ह रोसी वर्षानुवर्षं पंख लावून उडला, तरी बातम्यांमध्ये तो हटकून 'जेटपॅकवाला' होतो.

खरा फरक कोण कुणाला उचलतंय, यात आहे. जेटपॅकमध्ये माणसाचं सगळं वजन इंजिनं पेलतात, दर सेकंदाला, अखंड. पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरून बघा. बादली कुठेही जात नाही, तरी हात भरून येतो. हवेत एका जागी तरंगणारा जेटपॅक नेमकं हेच करत असतो आणि त्यासाठी घटाघटा इंधन पितो. पंखाची गोष्ट वेगळी. तिथे इंजिनांनी फक्त पुढे ढकलायचं, वर धरून ठेवायचं काम पंखावरून वाहणारी हवा करते. रोसीच्या चार इंजिनांचा रेटा प्रत्येकी सुमारे २२ किलो, म्हणजे एकूण ८८. नुसता पंखच इंधनासकट ५५ किलोच्या घरात, वर माणूस. त्या इंजिनांनी त्याला जमिनीवरून सरळ वर उचलणं अशक्यच होतं, पण हवेत वेग घेतल्यावर तेवढा रेटा भरपूर झाला.

फ्रान्स आणि इंग्लंडमधली इंग्लिश खाडी दोन्ही रीतींनी ओलांडली गेली आहे, त्यामुळे तुलना आयतीच मिळते. २६ सप्टेंबर २००८ ला रोसीनं विमानातून अडीच हजार मीटरच्या वर उडी घेतली आणि कॅले ते डोव्हर हे सुमारे ३५ किलोमीटर दहा मिनिटांच्या आत कापले. ४ ऑगस्ट २०१९ ला फ्रान्सचा फ्रँकी झपाटा निघाला. त्याची इंजिनं पायाखालच्या फळीत आणि इंधन पाठीवर, म्हणजे काटेकोर बोलायचं तर तो 'पॅक'ही नव्हे. पण वजन पेलायची रीत तीच. त्याला २२ मिनिटं लागली आणि मध्ये बोटीवर उतरून इंधन भरावं लागलं. त्याआधीचा, २५ जुलैचा प्रयत्न फसला होता तो इंधन भरायला बोटीवर उतरतानाच.

मग जेटपॅक कुचकामी का? मुळीच नाही. पंखवाल्याला आधी कुणीतरी विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून वर न्यावं लागतं आणि खाली यायला पॅराशूट लागतं. जेटपॅकवाला उभ्या जागेवरून निघतो आणि उभ्या जागेवर उतरतो. ब्रिटनच्या रिचर्ड ब्राउनिंगच्या जेट सूटची (हाही जेटपॅकच, फक्त इंजिनं हातांवरही) २०२० मध्ये इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात चाचणी झाली. जिथे पायी चढायला मदत पथकाला २५ मिनिटं लागली असती, तिथे तो ९० सेकंदांत पोहोचला. (१९६१ चा बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट या सगळ्यांचा आजोबा, पण त्यात जेट इंजिन नव्हतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची तापलेली वाफ होती, आणि ती वीसेक सेकंदांत संपायची.)

उडण्याची मजाही दोघांची निराळी. ब्राउनिंगच्या सूटमध्ये दोन-दोन इंजिनं दोन्ही हातांवर आणि एक पाठीवर. हात अंगाजवळ, झोत खाली: माणूस वर. हात जरा फाकवले की झोत तिरपा होतो, उचल कमी पडते आणि माणूस अलगद खाली येतो. आधी टाचा सुटतात, मग बोटं, आणि सगळं वजन मनगटांपासून खांद्यांपर्यंत येऊन बसतं. हा दंडांचा खेळ आहे.

रोसीच्या पंखाला सुकाणू नाही, हलणारी झडप नाही, दांडा नाही. हातात फक्त इंजिनांचा वेग कमीजास्त करायचं छोटं यंत्र. बाकी सगळं शरीर. खांदा किंचित झुकवला की वळण, पाठ ताणली की चढण. लहान मूल हात पसरून अंगणात विमान-विमान खेळतं, अगदी तसंच, फक्त ताशी २०० किलोमीटरनं. मला निवड करायला सांगितली तर मी पंख घेईन. जेटपॅकमध्ये माणूस यंत्राचा तोल सांभाळत असतो. पंखात तो स्वतःच विमानाचं धड होतो.

आणि इंजिन बंद पडलं तर? इथे दोघं अगदी उलट्या टोकांना जातात. पंखवाल्याला उंची म्हणजे वेळ. तो तरंगत खाली येऊ शकतो, अगदीच बिनसलं तर पंख सोडून देऊन पॅराशूट उघडू शकतो. २००९ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडताना रोसी समुद्रात उतरला तो असाच, आणि सुखरूप बाहेर निघाला. जेटपॅकवाल्याला उंची म्हणजे धोका. वीस-तीस मीटरवर रेटा गेला तर पडून वाचण्यासाठी उंची फार, साधं पॅराशूट उघडण्यासाठी फार कमी. म्हणून ती मंडळी एक तर जमिनीलगत उडतात, नाही तर पाण्यावर.

फेब्रुवारी २०२० मध्ये दुबईत फ्रान्सच्या व्हिन्स रेफे यानं ही रेघ पुसट केली. पंख रोसीच्याच धर्तीचा, इंजिनं जास्त ताकदीची. तो जमिनीवरून उठला, काही क्षण जेटपॅकसारखा उभ्यानं तरंगला, मग आडवा होऊन १,८०० मीटरपर्यंत चढला. उतरताना मात्र पॅराशूटच. म्हणजे वाटेत त्यालाही तो मधला पट्टा पार करावा लागला, जिथे ना पंख पुरता धरतो, ना पॅराशूट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावादरम्यान अपघातात त्याचा मृत्यू झाला.

लॉस एंजेलिसच्या टॉवरनं त्या दिवशी वैमानिकाला विचारलं, माणूस डावीकडे होता की उजवीकडे. मी असतो तर विचारलं असतं, पाय खाली लोंबत होते की मागे ताणलेले?