नायट्रोजनने कार्बनच्या फिल्मला नेमके काय दिले?

डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या इंजिनीअरिंगवाल्यांना झीज रोखणारा म्हणून ठाऊक असतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हाच कार्बन न तापवता इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड म्हणून भेटतो.

प्रखर विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन का निसटतात, हे 1928 मध्ये फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी सांगितले. पृष्ठभागाचा अडथळा पातळ होतो आणि इलेक्ट्रॉन त्यावरून न चढता टनेलिंगने आरपार जातात. पण त्यासाठी मीटरला अब्जावधी व्होल्टचे क्षेत्र लागते, म्हणून अणकुचीदार टोके आली. स्पिंट यांनी 1968 मध्ये मॉलिब्डेनमचे सूक्ष्म शंकू वापरले. ते बनवणे कष्टाचे, आणि निर्वातात उरलेल्या वायूच्या आयनांच्या माऱ्याने टोके खराब होतात. सपाट फिल्मची ओढ इथूनच लागली.

हायड्रोजन बसलेल्या हिऱ्याच्या पृष्ठभागावर वहनपट्ट्यातला, म्हणजे मोकळेपणे फिरता येणाऱ्या ऊर्जापातळ्यांतला, इलेक्ट्रॉन जवळजवळ विनाअडथळा बाहेर पडतो, हे 1979 मध्ये दिसले. अडचण अशी की हिऱ्याची बँड गॅप, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनला त्या पट्ट्यात चढायला लागणारी ऊर्जा, सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन नसतातच. ते पुरवायला डोपिंग, म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याची किंचित भेसळ, हवे. बोरॉनने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, मिळतात. नायट्रोजन इलेक्ट्रॉन देतो खरा, पण त्याची पातळी पट्ट्याखाली सुमारे 1.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल आहे. खोलीच्या तापमानाला तिथून जवळपास काहीच सुटत नाही.

तरीही 1996 मध्ये ओकानो आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनयुक्त हिऱ्यातून फारच कमी क्षेत्रात उत्सर्जन मिळवले. नायट्रोजनसाठी त्यांनी युरिया वापरला होता, आपले कांदा-द्राक्षवाले शेतात टाकतात तोच रेणू! त्याच वर्षी अमरतुंग आणि सिल्वा यांनी हायड्रोजनयुक्त अस्फटिक कार्बनमध्येही (हा डीएलसीचाच प्रकार) नायट्रोजनचा फायदा दाखवला.

मग इलेक्ट्रॉन आले कुठून? माझ्या मते या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे. अस्फटिक कार्बनमध्ये नायट्रोजन फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन साधारण जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, वर सरकवतो, पण मात्रा वाढली की ग्राफाइटसारखे, एसपी-टू बंधांचे पुंजकेही वाढवतो. कुचालक थरातल्या या सुचालक पुंजक्यांपाशी क्षेत्र एकवटते आणि उत्सर्जन संपूर्ण फिल्ममधून न होता विखुरलेल्या ठिपक्यांतून होते. काही फिल्ममध्ये डोपिंगशिवाय, नुसत्या तापवण्यानेही उत्सर्जन सुधारते, त्याचे कारणही पुंजकेच.

हे विसरले की आकडे फसवतात. प्रवाह आणि क्षेत्राच्या फाउलर-नॉर्डहाइम आलेखाचा उतार वर्क फंक्शनच्या (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) दीडाव्या घाताला क्षेत्रवर्धन गुणक बीटाने (जागच्या जागी क्षेत्र किती पट वाढते त्या आकड्याने) भागून ठरतो. एका उतारातून दोन्ही काढता येत नाहीत. फिल्म सपाट म्हणून बीटा एक धरला, तर वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही शतांशांवर येते. असे आकडे छापूनही आले आहेत, आणि ते चुकीचेच आहेत. नाशिकहून प्रोजेक्टचा अहवाल लिहिणाऱ्याने ‘डोपिंगने वर्क फंक्शन घटले’ असे वाक्य टाकण्याआधी केल्विन प्रोबने ते स्वतंत्रपणे मोजून घ्यावे, आणि डोप केलेल्या व न केलेल्या दोन्ही फिल्मचे रामन वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशातून कार्बनचे बंध दाखवणारे) शेजारीशेजारी ठेवून पुंजके वाढलेत का ते पाहावे.