सल्ल्याने चालवणं आणि वाऱ्यावर सोडणं

धंदा लहान असतो तोवर एकछत्री कारभार खपून जातो. गिऱ्हाईक कोण, माल कुठे अडलाय, पैसे कोणाकडे थकलेत, सगळं मालकाच्या डोक्यात असतं. पसारा वाढला की ही माहिती खालच्या माणसांकडे जाते, निर्णय मात्र वरच अडकतात. एका सहीसाठी काम खोळंबतं, चांगली माणसं कंटाळून सोडून जातात. सगळ्यात घातक म्हणजे वाईट बातमी वर पोचतच नाही. साहेबांना सांगून बोलणी कोण खाणार? मालक पद्धत बदलतो तो बहुतेकदा याच नाइलाजाने, मन उदार झालं म्हणून क्वचितच.

पण बदलताना बरेच जण भलतीकडेच पोचतात. ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणत हात झटकतात आणि त्यालाच लोकशाही, म्हणजे सगळ्यांच्या सल्ल्याने चालवणं, समजतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण हुकूम आणि आरडाओरड दोन्हीकडे नसते.

हा घोळ अभ्यासकांनाही चुकला नाही. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लहान मुलांच्या गटांवर प्रयोग केले. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. तुलना हुकूमशाही आणि लोकशाही नेतृत्वाची होती, पण व्हाइट स्वतः नेता असलेला ‘लोकशाही’ गट फारच सैल सुटला. हे काहीतरी तिसरंच आहे, हे लेविन यांनी ओळखलं आणि त्याचाही वेगळा अभ्यास केला. हुकमी गट नेता समोर असेपर्यंत राबायचा आणि त्याची पाठ वळली की ढेपाळायचा. लोकशाही गटाचं काम त्याच्यामागेही चालू राहायचं. सैल सोडलेल्या गटाच्या हातून काम होई सर्वांत कमी.

समजा, शुक्रवारी मोठी ऑर्डर पाठवायची आहे. हात झटकणारा म्हणतो, ‘ठरवा तुम्ही’, आणि शुक्रवारी जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सल्ल्याने चालणारा पॅकिंग, खरेदी आणि गाडीचं बघणाऱ्यांना बोलावतो आणि स्वतः शेवटी बोलतो. पॅकिंगवाला सांगतो, खोके गुरुवारी संध्याकाळी येणार, शुक्रवार जमायचा नाही. मग सोमवार ठरतो, कोणी काय करायचं ते लिहिलं जातं. ज्याची सूचना घेतली नाही त्याला कारण कळतं. गिऱ्हाइकाला फोन मात्र मालकच करतो, कारण जबाबदारी त्याचीच.

इथे मतदान कुठेच नाही, हेही बघा. आणि गोदामाला आग लागली तर बैठक बोलवायची नसते, हुकूमच सोडायचा असतो. मनात आधीच ठरवून ‘काय वाटतं?’ विचारणं हे मला तरी सरळ हुकमापेक्षा वाईट वाटतं. माणसं माना डोलावतात आणि पुढच्या वेळी खरं बोलायचं सोडून देतात.

वर्षानुवर्षं हुकमाची सवय झालेली माणसं पहिल्या काही बैठकांत तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. तिथेच मालकाचा धीर सुटतो आणि तो पुन्हा जुन्या वळणावर जातो. म्हणून सुरुवात पाळ्या लावण्यासारख्या छोट्या गोष्टीपासून करावी, जिथे निर्णय चुकला तरी पुढच्या आठवड्यात बदलता येतो.