कळसूबाई : जत्रेची शिडी आणि शनिवार रात्रीची कसारा लोकल

नवरात्राचे नऊ दिवस आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार, कळसूबाईच्या शिड्यांखाली रांग लागते ती याच दोन वेळा. पहिली रांग आसपासच्या गावांची, नारळ-ओटी घेऊन चढणाऱ्यांची. दुसरी मुंबई-ठाण्याची, पाठीवर सॅक आणि कपाळावर टॉर्च बांधलेल्यांची. लोखंडी शिडी पहिल्या रांगेच्या सोयीची होती. आज तिच्यावरून जे वाद होतात ते बहुतेक दुसऱ्या रांगेमुळे.

देवीची कथा या भागात सगळ्यांना पाठ आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. झाडलोट करणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची अट होती. एकदा पाहुणे फार आले, तिला भांडी घासायला लावली, आणि ती काम टाकून डोंगरावर निघून गेली ती परतलीच नाही. वाटेतल्या थाळेमेळ या जागेचे नाव त्या भांड्यांवरून पडले, असे सांगतात. माथ्यावरचे देऊळ तिचे. चार-पाच माणसे आत शिरली की दार अडते, एवढेच ते आहे.

मुंबईकराच्या नकाशावर हा डोंगर उशिरा आला. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे १८६५ सालीच पोहोचली होती, पण गाडीतल्या माणसाचे लक्ष तिथल्या थंड हवेकडे होते. पुढे १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण झाले आणि पाणी, धबधबे, विश्रामगृह असा सहलीचा ऐवज तयार झाला. तिथल्या व्हरांड्यातून कळसूबाई पाहायची, चढायची नाही, असा रिवाज बराच काळ चालला. चढणारे थोडे होते, आणि त्यांना अलंग-मदन-कुलंग या शेजारच्या किल्ल्यांचे कडे जास्त खुणावत. कळसूबाईला किल्ला नाही, तटबंदी नाही, इतिहासाची मोठी लढाई नाही. गडांवर प्रेम करणाऱ्या जुन्या भटक्यांनी तिला काहीसे बाजूलाच ठेवले होते.

मग गर्दी आली ती एका शब्दामुळे : सर्वोच्च. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट, आणि हे महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर, यात वाद नाही. घोळ पुढे होतो. ‘सह्याद्रीतले सर्वोच्च शिखर’ हे जाहिरातीतले वाक्य चूक आहे. सह्याद्री म्हणजे सगळा पश्चिम घाट धरला तर तो केरळपर्यंत जातो आणि तिथले अनाईमुडी २६९५ मीटर आहे, कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून जास्त उंच. ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ हे तर निव्वळ लाडाचे नाव, एव्हरेस्ट हिच्या पाचपटीहून उंच आहे. तरी या बिरुदाचे वजन किती आहे ते साल्हेर किल्ल्याकडे पाहून कळते. साल्हेर १५६७ मीटर, फक्त ७९ मीटरने कमी. शिवाय लढाईचा इतिहास, दरवाजे, गुहा, सगळे काही. पण तो दूर बागलाणात आणि क्रमांक दोनचा, म्हणून मुंबईची गर्दी तिकडे वळत नाही. दुसऱ्या नंबरावर उभे राहून फोटो काढायला कोण जाते?

आता शिड्या. पायथ्याच्या बारी गावातून वर जाणारी वाट डोंगराच्या सोंडेवरून चढते. गावामागची शेते संपली की पायथ्याचे देऊळ लागते, मग दगडी पायऱ्या, मुरमाचा घसारा, आणि मध्येमध्ये कातळटप्पे. चढ आठशे मीटरच्या वर आहे. सवय असलेल्याला तीन तास, नसलेल्याला चार-साडेचार. हे कातळटप्पे पूर्वी साखळी धरून, खोबणीत पाय रोवून पार करावे लागत. जुन्या साखळीच्या खुणा काही ठिकाणी शिडीच्या बाजूला अजून दिसतात. कोरड्या दिवशी सरावलेल्याला ते अवघड नव्हते. पण नवरात्र येते पावसाच्या शेपटाला. कातळावर शेवाळ असते, आणि चढणाऱ्यांत साठीच्या बाया, कडेवर पोर घेतलेल्या आया असतात. त्यांच्यासाठी साखळीच्या जागी लोखंडी शिड्या बसवणे हा निर्णय बरोबरच होता. आक्षेप घेणाऱ्यांनी कातळाचे सौंदर्य आणि चढाईची शुद्धता यांवर बरेच काही लिहिले आहे. त्यातल्या किती जणांनी ओल्या कातळावर म्हातारीचा हात धरून तिला उतरवले असेल, याची शंका वाटते.

मात्र शिडीने एक गोष्ट केली ज्याचा विचार तेव्हा झालेला दिसत नाही. कातळटप्पा ही चाळण होती. ज्याला जमत नाही तो तिथून परत फिरायचा. शिडीने चाळण काढली आणि तिच्या जागी गळा तयार झाला. वाट रुंद, शिडी अरुंद, बऱ्याच ठिकाणी एका वेळी एकच माणूस मावतो. हिशेब साधा आहे. वरच्या टोकावरून दर वीस सेकंदांना एक माणूस बाहेर पडला तर तासाला १८० माणसे होतात, तीही एकाच दिशेने. सूर्योदयाला वर पोहोचायचे म्हणून सहाशे जण एका रात्री निघाले तर एकट्या एका शिडीवर तीन तासांहून जास्त लागतात. त्यात कोणी मध्येच थांबून मोबाईल काढला, कोणाचा पाय लटपटला, की तो हिशेबही कोलमडतो. खाली उभे असलेले रात्रीच्या वाऱ्यात घामाने ओले होऊन गारठतात. कड्यावरून पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण रांगेत हुडहुडी भरून गळून जाणे हा जास्त नेहमीचा प्रकार, विशेषतः पावसात जीन्स घालून आलेल्यांचा. भिजलेली जीन्स अंगावर वाळत नाही.

शिडी चढायची पद्धतही कोणी सांगत नाही. दोन्ही हात कठड्यावर, काठी सॅकला बांधलेली, पुढच्या माणसात चार पायऱ्यांचे अंतर. उतरताना तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. सपाट जिन्यासारखे पुढे तोंड करून उतरणाऱ्याची टाच ओल्या पट्टीवरून घसरते. प्लास्टिकचा पातळ पोंचो वाऱ्याने उडून तोंडावर येतो आणि पायाखालची पायरी दिसेनाशी होते, म्हणून शिडीआधी तो कमरेला आवळावा किंवा काढून टाकावा. वीज चमकू लागली तर लोखंडापासून आणि उघड्या माथ्यापासून दूर, खालच्या पदरावर, म्हणजे सपाटीवर, उतरावे. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात दुपारनंतर हे हमखास होते.

रात्रीची चढाई ही मुंबईच्या वेळापत्रकाची देणगी आहे. शनिवारी काम संपवून रात्रीची कसारा लोकल धरायची, कसाऱ्याहून जीपने घोटीमार्गे बारी, पहाटेच्या अंधारात चढाई, माथ्यावर सूर्योदय, रविवारी रात्री घरी. सुट्टी एकही खर्च होत नाही. आधी हे मित्रांच्या टोळक्यांचे गणित होते. स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे हाताशी आल्यावर त्याचा धंदा झाला : दादर-ठाण्याहून बस, नाश्ता, ‘लीडर’, सगळे एका रकमेत. गावालाही त्यातून काही मिळाले. जेवण, वाटाड्याचे काम, वाटेवरच्या झोपड्यांत लिंबू सरबत आणि पिठले-भाकरी. शेवटच्या शिडीच्या आधी विहीर आहे, पण गर्दीच्या दिवसांत तिच्या भरवशावर राहू नये. माणशी दोन ते तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. बाटल्यांचा ढीग कुठे साठतो, ते त्या विहिरीजवळ गेल्यावर दिसते.

नियमांच्या बाजूने पाहिले तर हा डोंगर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, म्हणजे प्रवेश, कचरा, आवाज यांवर बंधने घालण्याचा अधिकार आधीपासूनच होता. साहसी उपक्रमांसाठी राज्याने २०१८ मध्ये सुरक्षेचे नियम जारी केले, त्यावर गिर्यारोहकांनी मोठा आक्षेप घेतला, आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. कळसूबाईच्या बाबतीत अडचण शब्दाची आहे. शिडीवरून देवळापर्यंत जाणे हे गिर्यारोहण नाही. गिरिभ्रमण म्हणावे तर ते जत्रेतली आजीही करते, आणि तिच्याकडून कोणी प्रमाणपत्र मागत नाही. पण तीच वाट पन्नास अनोळखी माणसांकडून पैसे घेऊन, रात्री, पावसात केली की तो साहसी उपक्रम ठरायला हवा. वाट तीच असली तरी जबाबदारी कोणाची हे बदलते. कागदावर हा फरक दिसतो. बारीच्या पार्किंगमध्ये पहाटे तीन वाजता तो ओळखायचा कसा, हे कोणी सांगितलेले नाही. म्हणून प्रशासनाच्या हाती सोपा उपाय उरतो : पावसाळ्यात अपघात झाला की काही दिवस सरसकट बंदी. तिच्यात गाववाल्याचा धंदा आणि नीट वागणारे गट दोन्ही भरडले जातात.

ताजी भर रस्त्याची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाटाची कोंडी बाजूला पडली. त्यामुळे रात्र न जागता, रविवारी सकाळी ठाण्याहून गाडी काढून येणारे नवे पर्यटक तयार झाले आहेत. हे लोक साडेनऊ-दहाला चढू लागतात. सोंडेवर सावली जवळजवळ नाही. पाऊस नसलेल्या महिन्यांत अर्ध्या वाटेवरच डोके दुखू लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, पाणी संपते. थांबून सावली शोधायची तर मागे पायथ्याच्या देवळापर्यंत उतरावे लागते, म्हणून बरेच जण तसेच रेटत राहतात. आणि सूर्योदय पाहून उतरणारी रात्रीची तुकडी त्याच सुमाराला शिडीवर असते. पहाटे पाचची कोंडी होतीच, आता अकराची दुसरी पाळी सुरू झाली आहे.