डिजिटल छायाचित्रसंग्रहाची स्क्रिप्टद्वारे मांडणी

कॅमेरा, मोबाइल आणि स्कॅनरमधून आलेल्या फोटोंना नावे देणे, ते फोल्डरांत लावणे, दुबार प्रती शोधणे, चुकलेल्या तारखा दुरुस्त करणे आणि फाइली शाबूत आहेत की नाहीत हे तपासणे ही कामे हाताने न करता छोट्या आज्ञावल्यांकडून करून घेण्याची पद्धत. अशा आज्ञावलीला स्क्रिप्ट म्हणतात. ती बहुधा बॅश, पॉवरशेल, पर्ल किंवा पायथन या संगणकीय भाषांपैकी एकीत लिहितात. कधी दहा-वीस ओळी पुरतात, कधी काहीशे लागतात. फोटो सांभाळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्येही यातले बरेच काही होते. फरक असा, की स्क्रिप्टमध्ये मांडणीचे नियम संग्रहाच्या मालकाने स्वतः लिहिलेले असतात. सॉफ्टवेअर बंद पडले तरी ते नियम उघडून वाचता येतात आणि पुन्हा चालवता येतात.

या पद्धतीची गरज मुळात नावांपासून सुरू होते. डिजिटल कॅमेऱ्यांनी स्वीकारलेल्या डीसीएफ नियमानुसार कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर असतो, त्यात १०० ते ९९९ या आकड्यांनी सुरू होणारे उपफोल्डर असतात आणि फोटोच्या नावात चार अक्षरे व ०००१ ते ९९९९ मधला एक क्रमांक असतो. म्हणजे दहा हजारावा फोटो काढला की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन कॅमेरे असतील तर एकाच नावाचे दोन वेगळे फोटो पहिल्या दिवसापासूनच तयार होतात. ते एका फोल्डरात ओढून टाकताना ‘जुनी फाइल बदलायची का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटले, की एक फोटो कायमचा जातो आणि तो गेल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही.

फोटोची खरी ओळख त्याच्या पोटात असते. जपानमधील जेईआयडीए या उद्योगसंघटनेने १९९५ मध्ये मांडलेल्या एक्झिफ मानकानुसार कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये फोटो काढल्याची वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल, शटर, अ‍ॅपर्चर, फोटोची दिशा आणि सोय असल्यास जीपीएस स्थान नोंदवतो. त्यात तारखा तीन असतात : फोटो टिपल्याची, तो डिजिटल रूपात आल्याची आणि फाइल शेवटची बदलल्याची. मांडणीसाठी पहिली हवी. फाइल व्यवस्थापकात दिसणारी तारीख ही चौथीच गोष्ट; ती फोटोची नसून फाइलची असते आणि नुसती प्रत काढल्यानेही बदलू शकते. त्या तारखेवर विसंबून लावलेला संग्रह डिस्क बदलल्यावर विस्कटतो, आणि बहुतेक जण स्क्रिप्टकडे वळतात ते अशा एका विस्कटण्यानंतरच.

एक्झिफमध्ये तारीख ‘२०१९:११:०३ १८:४२:०७’ अशी, मध्ये अपूर्णविराम (:) घालून लिहिलेली असते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात हे चिन्ह चालत नाही, म्हणून स्क्रिप्ट तिचे ‘२०१९-११-०३_१८४२०७’ असे रूप करते. वर्ष, महिना, दिवस हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकातलाच आहे. त्याचा गुण असा, की नावे अक्षरक्रमाने लावली की ती आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर हे साधत नाही. एका सेकंदात पाच-सहा फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी सेकंदाच्या अंशांचे वेगळे रकाने एक्झिफमध्ये आहेत. तेही नसतील तर शेवटी अनुक्रमांक जोडावा लागतो. मूळ क्रमांक नव्या नावाच्या शेपटीला ठेवावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. चार अक्षरांची जागा जाते, पण पुढे गोंधळ झाला तर माग काढायला तोच उपयोगी पडतो.

या कामातले सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे फिल हार्वी यांचे एक्झिफटूल. पर्लमध्ये लिहिलेला हा मोफत प्रोग्राम २००३ पासून उपलब्ध असून तो फोटो, व्हिडिओ आणि कॅमेऱ्यांच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींतला मेटाडेटा, म्हणजे तारीख, मॉडेल यांसारखी फाइलीत नोंदलेली माहिती, वाचतो, आणि त्यांतल्या बहुतेकांत लिहितोही. एका ओळीच्या आज्ञेत हजारो फाइलींची नावे त्यांच्या तारखांवरून बदलता येतात. नावे प्रत्यक्षात न बदलता नुसती दाखवण्याची सोय त्यात आहे. मेटाडेटा बदलताना तो आपण होऊन मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवतो. ही सोय जागा वाचवण्यासाठी पहिल्याच दिवशी बंद करू नये.

तारखांचा खरा कस लागतो तो घड्याळ चुकल्यावर. बॅटरी बराच काळ काढून ठेवलेला कॅमेरा आपली तारीख विसरतो आणि एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजू लागतो. समजा, एका समारंभाचे ३०० फोटो १ जानेवारी २००८ च्या मध्यरात्रीनंतरचे म्हणून आले. त्यांतल्या एकात भिंतीवरचे घड्याळ दिसते : सहा वाजून वीस मिनिटे. समारंभाची तारीख माहीत आहे, त्या फोटोतली एक्झिफ वेळ १ वाजून ५ मिनिटे आहे. या दोहोंतला फरक काढला की तोच फरक सगळ्या ३०० फोटोंच्या तारखांत एका आज्ञेने मिळवता येतो आणि त्यांचा आपसातला क्रम जसाच्या तसा राहतो. प्रवासाला निघण्यापूर्वी मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवण्याची सवय याचसाठी लावून घ्यावी.

टाइमझोनचे दुखणे याहून खोल आहे. एक्झिफमध्ये टाइमझोन लिहिण्याचे प्रमाणित रकाने २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या फोटोंत वेळ असते, पण ती कुठली हे लिहिलेले नसते. परदेशात मोबाइल स्वतःचे घड्याळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग दोघांचे फोटो एकत्र लावले की जेवणानंतरचे चालणे जेवणाआधी येते. व्हिडिओंचे आणखी वेगळे. एमपी४ फाइलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असावी असा नियम आहे, पण अनेक कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात. परिणामी एकाच संध्याकाळचा फोटो एका तारखेच्या फोल्डरात आणि व्हिडिओ दुसऱ्या तारखेच्या, असे होते. यावर सर्वांना लागू पडणारा तोडगा नाही. प्रत्येक उपकरण कसे लिहिते ते एकदा तपासून स्क्रिप्टमध्ये मॉडेलनुसार नियम घालावा लागतो.

काही फोटोंत मेटाडेटा नसतोच. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांतून तो निघून गेलेला असतो. अँड्रॉइडवर त्यांच्या फाइल-नावात तारीख असते, पण ती देवाणघेवाणीची, फोटो काढल्याची नव्हे. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन केले तर त्यांवर स्कॅनची तारीख पडते. कागदी फोटोमागे नुसते ‘१९७८’ लिहिलेले असेल तर स्क्रिप्टने ‘१ जानेवारी १९७८’ असे ठोकून देऊ नये. एकदा लिहिली की ती तारीख खऱ्या तारखेसारखीच दिसते आणि वीस वर्षांनी कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवते. एक्सएमपी या मेटाडेटाच्या दुसऱ्या पद्धतीत फक्त वर्षही लिहिता येते, ते वापरावे. ज्यांची तारीख कळतच नाही त्यांना ‘तारीख अज्ञात’ असा प्रामाणिक फोल्डर असावा.

दुबार प्रती शोधण्यासाठी फाइलचा हॅश काढतात. एसएचए-२५६ सारखी पद्धत फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून एक ठसा तयार करते. दोन फाइलींचा ठसा जुळला तर त्या हुबेहूब सारख्या समजायला हरकत नाही. आधी आकार जुळणाऱ्या फाइली वेगळ्या काढून फक्त त्यांचेच हॅश काढले तर खूप वेळ वाचतो. मात्र एका प्रतीत नुसता कॅप्शनचा शब्द बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, म्हणून मेटाडेटा वगळून फक्त चित्राच्या भागाचा हॅश काढणे अधिक बरे. आकार लहान केलेल्या प्रती ओळखायला दृश्य-हॅश लागतो. त्याच्या एका सोप्या प्रकारात फोटो ९ बाय ८ ठिपक्यांचा, करड्या छटांचा करतात आणि प्रत्येक ठिपका उजवीकडच्यापेक्षा उजळ आहे की गडद एवढेच नोंदवतात. ६४ बिटांची एक ओळख तयार होते. दोन फोटोंच्या ओळखीत दोन-चार बिटांचाच फरक असेल तर ते बहुधा एकच चित्र. बहुधा! लागोपाठ टिपलेले दोन फोटो, एकात मूल डोळे मिटलेले आणि दुसऱ्यात हसणारे, याही परीक्षेत जवळजवळ सारखेच ठरतात. म्हणून दृश्य-हॅशच्या भरवशावर स्क्रिप्टला काहीही पुसू देऊ नये. तिने याद्या कराव्यात, निवड डोळ्यांनी व्हावी.

जोडीने राहणाऱ्या फाइलींकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. रॉ आणि जेपीईजी, आयफोनचा लाइव्ह फोटो आणि त्याची छोटी चित्रफीत, फोटो आणि त्यावरचे संस्कार नोंदवणारी एक्सएमपी फाइल यांची नावे सारखी असतात म्हणूनच त्यांचे नाते टिकते. नाव बदलायचे तर अख्ख्या गटाचे एकदम.

सुरक्षिततेची रीत साधी आहे, पण ती मोडल्याने झालेले नुकसान भरून येत नाही. फाइल हलवू नये. आधी प्रत करावी, प्रतीचा हॅश मूळ फाइलशी जुळवावा, मगच कार्ड मोकळे करावे. लक्ष्यस्थानी त्याच नावाची फाइल असेल तर स्क्रिप्टने थांबावे. प्रत्येक जुने नाव आणि नवे नाव एका नोंदफाइलीत ओळीने लिहावे. ती उलटी चालवली की सगळे पूर्ववत होते. हॅशांची यादी संग्रहाशेजारी ठेवून दर काही महिन्यांनी पुन्हा पडताळली तर डिस्कवर हळूहळू बिघडणाऱ्या फाइली चांगली प्रत हाताशी असतानाच सापडतात. ती प्रत असावी म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी.

मराठीत नावे देणाऱ्यांना एक खास अडचण भेटते. ‘पायऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली दुसरे रूप साठवते, इतर संगणकांवर बहुधा पहिले येते. पडद्यावर दोन्ही फोल्डर सारखेच दिसतात, स्क्रिप्टला मात्र ते वेगळे वाटतात आणि एकाच सहलीचे फोटो दोन ठिकाणी विभागले जातात. तुलना करण्याआधी सर्व नावे एकाच रूपात आणणे हा उपाय. पायथनमध्ये त्यासाठी तयार सोय आहे.

फोटोत कोण आहे, हे जुन्या फोटोंच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांच्याजवळ बसून एका तक्त्यात फाइलचे नाव आणि माणसांची नावे लिहीत जावे. तो तक्ता वाचून स्क्रिप्ट ती नावे प्रत्येक फाइलीत उतरवते. ही मजकुराची माहिती एक्सएमपीच्या रकान्यांत लिहावी. एक्झिफचे वर्णनाचे रकाने मूळचे इंग्रजी वर्णमालेपुरते होते. त्यांत देवनागरीसह इतर लिप्याही लिहिता येणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीला मान्यता मिळाली ती २०२३ च्या ३.० आवृत्तीत, आणि अनेक जुने प्रोग्राम तिथली देवनागरी प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दाखवतात. पहिल्या पाच-दहा फाइलींत नावे लिहून झाली की त्या दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्यात, मगच उरलेल्या हजारांवर स्क्रिप्ट सोडावी.